परदेशात विमान लेट झाले तर: कुटुंबाने काय करावे आणि कोणत्या क्रमाने

पाटीवर ‘डिलेड’ दिसले की बहुतेक कुटुंबे एकच गोष्ट करतात. सगळे सामान घेऊन सगळेच्या सगळे काउंटरच्या रांगेत जाऊन उभे राहतात. तासाभराने नंबर लागतो तोवर पुढच्या विमानातल्या जागा संपलेल्या असतात, मुले रडकुंडीला आलेली असतात, आजोबांच्या औषधाची वेळ टळून गेलेली असते. त्यात कोणीतरी वैतागून मोबाइलवर रिफंडचे बटण दाबते, आणि तुम्हाला मुक्कामी पोहोचवण्याची कंपनीची जबाबदारी तिथेच संपते.

उशीर आपल्या हातात नसतो. उशिरानंतरचे नुकसान मात्र बरेचसे क्रम चुकल्यामुळे होते. आधी खरी माहिती काढायची, मग थांबायचे की बदलायचे ते ठरवायचे, मग सगळ्यांची पक्की तिकिटे हातात घ्यायची, त्यानंतर जेवण आणि मुक्काम पाहायचा. भरपाईचा विषय अगदी शेवटी, घरी पोहोचल्यावर. लोक नेमके उलटे करतात. काउंटरवर पोहोचताच भरपाईवरून वाद सुरू होतो, आणि तो चालू असताना शेवटच्या चार जागा मागच्या रांगेतले कुटुंब घेऊन जाते.

## १. तिकीट काढतानाच करायची तयारी

सगळे एकाच पीएनआरवर. पीएनआर म्हणजे बुकिंगचा सहा अक्षरा-आकड्यांचा क्रमांक. कंपनीच्या संगणकाला तुमचे नाते कळत नाही, पीएनआर कळतो. नव्या जागा देताना एका पीएनआरवरची माणसे सहसा एकत्र हलवली जातात. आजी-आजोबांची तिकिटे वेगळ्या दिवशी, वेगळ्या साइटवरून काढली असतील तर ते दुसऱ्याच विमानात जाऊ शकतात. तिकिटे आधीच वेगळी निघाली असली तर कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग जोडून घ्या. तरीही ऐन वेळी दोन्ही क्रमांक स्वतःहून सांगायचेच.

सगळे टप्पे एकाच तिकिटावर. पहिले विमान एका कंपनीचे आणि पुढचे दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडतात. पण पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी असता. तिकीट एकच असेल तर चुकलेल्या कनेक्टिंग विमानाची सोय करणे कंपनीचे काम. ई-तिकिटाचा क्रमांक १३ आकडी असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. सगळ्या टप्प्यांवर प्रत्येकाचा तोच क्रमांक दिसला तर तिकीट एक आहे असे समजा.

दोन विमानांमधला वेळ. साइटवर दिसणारा कमीत कमी वेळ हा झपाझप चालणाऱ्या एकट्या माणसाला पुरेल असा असतो. व्हीलचेअर घेणाऱ्या प्रवाशाला विमानातून सहसा शेवटी उतरवतात. बाबागाडी विमानाच्या दारात मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे विमानतळानुसार बदलते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर मी तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवत नाही.

दिवसातले शेवटचे विमान टाळा. ते चुकले की रात्र विमानतळावर गेलीच. शिवाय काही विमानतळांवर रात्री उड्डाणांना बंदी असते. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५, सिडनीला रात्री ११ ते सकाळी ६. अशा ठिकाणचे रात्री साडेदहाचे विमान तासभर लांबले तर ते तासभर उशिरा सुटेलच असे नाही, ते सकाळवर जाऊ शकते. याउलट सकाळचे पहिले विमान बहुधा आदल्या रात्रीच येऊन उभे असते. त्याला आदल्या फेरीचा उशीर चिकटत नाही.

विमा घेताना एकच ओळ नीट वाचा. उशिराचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात? काही पॉलिसींत ६ तास असतात, काहींत १२. रक्कम माणशी आहे की पूर्ण कुटुंबाची मिळून, हेही त्याच ओळीजवळ लिहिलेले असते.

> तपासा: बुकिंगमध्ये तुमचा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल आहे का? एजंटने स्वतःचा दिला असेल तर उशिराचा निरोप त्यालाच जाईल.

## २. केबिन बॅगेत काय हवे

चेक-इन केलेली बॅग रात्रभर मिळणार नाही असे धरूनच केबिन बॅग भरा.

सर्वांत आधी औषधे. प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण औषध कंपनीने दिलेले नाव दुसऱ्या देशातल्या दुकानदाराला बहुधा माहीत नसते. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते. द्रव पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असली तरी बाळाचे दूध आणि प्रवासात लागणारे द्रव औषध यांना बहुतेक ठिकाणी सूट असते. सुरक्षा तपासणीत ते वेगळे काढून, आधी सांगून दाखवावे लागते.

मग प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, लहानग्यांचे दोन. मुलांच्या पोटाला सवय असलेला कोरडा खाऊ. पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यायची असते. १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे सुमारे २७,००० एमएएचपर्यंत, कंपनीची वेगळी परवानगी साधारणपणे लागत नाही.

आणि कागद. सगळे मोबाइलमध्ये आहे म्हणून कागद न नेणे मला मान्य नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सदोष सॉफ्टवेअर अपडेटमुळे जगभरातल्या विमानतळांवरचे संगणक बंद पडले, तेव्हा कित्येक ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. अशा वेळी पीएनआर आणि ई-तिकीट क्रमांक छापलेला कागद ज्याच्याकडे असतो त्याचे काम पुढे सरकते. तिकिटे, पासपोर्टच्या प्रती, व्हिसा, हॉटेलचा पत्ता, विम्याचा क्रमांक यांचा एकेक संच दोन वेगवेगळ्या मोठ्या माणसांकडे असू द्या.

> सावधान: सगळे पासपोर्ट एकाच माणसाच्या पिशवीत ठेवू नका. उशीर झाला की कुटुंबाला दोन ठिकाणी उभे राहावे लागते, आणि पासपोर्टवाला माणूस नेमका दुसऱ्या रांगेत असतो.

दोन मोठ्या माणसांच्या फोनवर परदेशातून कॉल लागतो की नाही, हे निघण्याआधी करून पाहा. वायफायवर कंपनीचे ॲप चालेल, पण हेल्पलाइनला फोन लागेलच असे नाही.

## ३. निघण्याआधीचा दिवस

कंपनीच्या ॲपवर प्रवासाची नोंद करून सूचना चालू ठेवा. त्याहून उपयोगी माहिती म्हणजे तुमचे विमान आत्ता कुठे आहे. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या साइटवर तुमच्या फ्लाइटचा क्रमांक टाकला तर पुष्कळदा कोणते विमान येऊन तुम्हाला नेणार आहे ते दिसते. पाटीवर ‘वेळेवर’ लिहिले आहे, पण ते विमान अजून दोन तास दूर आकाशात आहे, असे दिसले तर उशीर होणार हे तुम्हाला घोषणेच्या आधी कळते. घोषणेआधी मिळालेल्या त्या वेळात मोकळ्या जागा शोधता येतात.

त्याच संध्याकाळी एका कागदावर दोन पर्याय लिहून ठेवा. तुमच्याच कंपनीची त्या मार्गावरची पुढची दोन विमाने आणि तिच्या सहकारी कंपन्यांपैकी कोणाचे विमान जाते ते. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम हे तीन मोठे गट आहेत. आपली कंपनी कोणत्या गटात आहे हे माहीत असले की काउंटरवर ‘काहीतरी करा हो’ म्हणण्याऐवजी ‘या क्रमांकाच्या विमानात चार जागा दिसतात, त्या द्या’ असे म्हणता येते. कर्मचाऱ्याचे काम सोपे झाले की तुमचेही लवकर होते.

> सावधान: घरी किंवा हॉटेलवर असतानाच उशिराचा संदेश आला, तरी विमानतळावर मूळ वेळेप्रमाणेच पोहोचा. उड्डाण लांबले तरी चेक-इन बंद होण्याची वेळ पुष्कळदा तीच राहते. कंपनीने लेखी सांगितले असेल तरच उशिरा जा.

## ४. पहिली वीस मिनिटे

आधी माणसे वाटून घ्या.

एक जण रांगेत उभा राहील, त्याच्याकडे तिकिटांचा कागद आणि निम्मे पासपोर्ट. दुसरा त्याच वेळी हेल्पलाइनला फोन लावेल आणि ॲपवर बदलाचा पर्याय उघडेल. ज्याचे काम आधी होईल त्याने दुसऱ्याला लगेच कळवायचे, नाहीतर दोन ठिकाणी दोन वेगळी बुकिंग होऊन गोंधळ वाढतो. तिसरा माणूस, किंवा मोठे मूल, बाकीच्यांना घेऊन गेट दिसेल अशा ठिकाणी बसेल. मोठी माणसे दोनच असतील तर फोनवाल्याने मुलांजवळ बसायचे. एकट्याच पालकाने रांगेचा नाद सोडून फोन आणि ॲपच वापरावे. मुलांसह रांगेत तासभर काढण्यापेक्षा ते बरे.

रांगेत नंबर लागला की चार प्रश्न, याच क्रमाने:

1. उशिराचे कारण काय? हवामान, तांत्रिक बिघाड, कर्मचारी, की हवाई वाहतूक नियंत्रण?
2. विमान इथे आले आहे का? नसेल तर कधी उतरेल?
3. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांचे कामाचे तास नव्या वेळेपर्यंत पुरतात का?
4. आमचे पुढचे विमान चुकणार असेल तर आत्ताच दुसऱ्या विमानात जागा धरता येईल का?

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि तोच फार महत्त्वाचा आहे. कर्मचाऱ्यांच्या सलग कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते. अर्धा तास, आणखी अर्धा तास असे करत उशीर वाढत गेला की एका टप्प्यावर ते तास संपतात. दुसरे कर्मचारी मिळाले नाहीत तर विमान रद्द होते. वेळ तिसऱ्यांदा पुढे गेली की मी थांबण्याचा विचार सोडून पर्याय शोधू लागते.

उत्तर मिळताच वेळ टिपून ठेवा. पाटीचा फोटो, ॲपचा स्क्रीनशॉट, कर्मचारी काय म्हणाले ते दोन ओळींत.

> सावधान: चार तासांचा उशीर जाहीर झाला म्हणून सगळ्यांनी शहरात फेरफटका मारायला जाऊ नये. जाहीर झालेला उशीर कमीही होतो. गेट उड्डाणाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी बंद होते आणि परत येताना सुरक्षा तपासणी पुन्हा करावी लागते.

## ५. थांबायचे, बदलायचे की सोडून द्यायचे

सगळ्यांत जास्त पैसे या टप्प्यावर वाया जातात. म्हणून इथे घाई नको, पण रेंगाळूनही चालणार नाही.

थेट विमान असेल, पुढे काही जोडलेले नसेल आणि उशीर दोन-तीन तासांचा असेल तर थांबा. नव्या मार्गाने जाण्यात कुटुंबाला होणारा त्रास बहुतेक वेळा त्यापेक्षा मोठा असतो.

पुढचे विमान चुकणार असेल आणि तिकीट एकच असेल तर पहिले विमान सुटण्याआधीच बदल मागा. मधल्या विमानतळावर उतरल्यावर बघू, असे ठरवू नका. तिथे तुमच्यासारखे शंभर जण एकाच वेळी उतरणार आहेत, आणि सुटण्याच्या ठिकाणी निदान ओळखीची भाषा, सामान आणि बसायला जागा असते.

पुढचे तिकीट स्वतंत्र असेल तर त्या दुसऱ्या कंपनीला लगेच फोन करा, विमान सुटायच्या आधी. ‘येऊ शकत नाही’ असे आधी कळवले तर शुल्क भरून तिकीट बदलता येण्याची शक्यता राहते. न कळवता चुकले तर पुष्कळदा पूर्ण पैसे जातात.

आता तीन सापळे.

रिफंडचा सापळा. ॲप स्वतःहून ‘रिफंड घ्या’ किंवा ‘व्हाउचर घ्या’ असे विचारते. रिफंड स्वीकारला की वाहतुकीचा करार संपतो. त्यानंतर नवे तिकीट, हॉटेल, जेवण सगळे तुमच्या खिशातून, आणि ऐन वेळी चार जणांची तिकिटे मूळ किमतीच्या कितीतरी पट महाग असतात. दुसरी सोय पक्की होईपर्यंत ते बटण कोणीही दाबायचे नाही, असे घरातल्या सगळ्यांना निघण्याआधीच बजावून ठेवा.

टप्पा सोडून देण्याचा सापळा. ‘हे विमान नको, आपण रेल्वेने जाऊ, परतीचे तर आहेच.’ ते नसते. तिकिटाचा एक टप्पा न कळवता सोडला तर पुढचे सगळे टप्पे, परतीसह, कंपनी रद्द करू शकते. रेल्वेनेच जायचे असेल तर आधी कंपनीकडून तो टप्पा काढून परतीचे तिकीट कायम असल्याचे लेखी घ्या.

कुटुंब तोडण्याचा सापळा. काउंटरवरचा माणूस चांगल्या मनाने म्हणतो, ‘तीन जागा आत्ता आहेत, चौथी संध्याकाळच्या विमानात देतो.’ दमलेले मन हो म्हणते. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही असेच हो म्हणालो होतो. तिचे विमान पुन्हा लांबले, तिचा फोन तिथे चालत नव्हता, आणि अकरा तास ती कुठे आहे हे आम्हाला कळले नाही. त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे. वेगळे व्हायचेच असेल तर दोन गट असे करायचे की प्रत्येकात एक इंग्रजी बोलू शकणारा मोठा माणूस, एक चालणारा फोन आणि स्वतःची औषधे असतील. वयस्कर माणसाला किंवा मुलाला एकटे मागे ठेवायचे नाही, मग सगळ्यांची रात्र गेली तरी चालेल.

> तपासा: निर्णय घेताना ‘आज कसे पोहोचू’ याऐवजी ‘सगळे, औषधांसह, उद्या दुपारपर्यंत कसे पोहोचू’ असे विचारले तर पर्याय वाढतात का?

## ६. नवे तिकीट हातात आल्यावर

काउंटर सोडण्यापूर्वी पाच मिनिटे तिथेच थांबा. मागच्या लोकांची कुरकुर ऐकू आली तरी.

प्रत्येकाच्या नावापुढे ‘कन्फर्म’ लिहिले आहे का ते पाहा. ‘स्टँडबाय’ म्हणजे जागा मिळालीच असे नाही. मांडीवरच्या बाळाचे तिकीट नव्या बुकिंगला जोडले आहे का, हे वेगळे विचारा. बदलात ते सुटून जाऊ शकते, आणि गेटवर बाळाचे नाव यादीत नसते. व्हीलचेअर, बॅसिनेट (बाळाला झोपवायची छोटी खाट), खास जेवण यांच्या विनंत्या नव्या विमानावर आपोआप जातीलच असे नाही, पुन्हा सांगा. मुलाची जागा पालकाशेजारी आहे का? नसेल तर आत्ताच बोला, विमानात चढल्यावर बदलणे अवघड जाते.

चेक-इन केलेल्या बॅगांचे काय झाले ते विचारा. पावत्यांवरचे क्रमांक वाचून दाखवा आणि बॅगा नव्या विमानात जातील की इथे परत मिळतील ते स्पष्ट करून घ्या.

आणि ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे वाटेत विमान बदलण्यापुरता त्या देशाचा व्हिसा. ही चूक इतकी महाग पडते की ती वेगळी सांगते. मूळ मार्ग ज्या देशातून जात होता, तिथे तुम्हाला व्हिसा लागत नसेल. नवा मार्ग दुसऱ्या देशातून जात असेल तर लागू शकतो. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशनमधून जावे लागते, म्हणून व्हिसा किंवा त्या देशाची प्रवेश-परवानगी हवीच. शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, एका विमानतळावरून दुसऱ्या शेंगेन देशातल्या विमानतळावर जाऊन पुढे उडायचे असेल, तर पहिल्याच ठिकाणी तुम्ही शेंगेनमध्ये प्रवेश करता. विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा तिथे चालत नाही. कुटुंबात दोघांचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील तर नियमही वेगवेगळे. काउंटरवर थेट विचारा: ‘या मार्गावर आमच्या प्रत्येक पासपोर्टला व्हिसा लागतो का, तुमच्या संगणकावर पाहून सांगा.’ त्यांच्याकडे ही माहिती असते. अडचण निघाली तर तिथेच दुसरा मार्ग मागा.

> तपासा: मुक्कामाच्या देशाचा व्हिसा नव्या तारखेलाही वैध आहे का? परतीचे विमान दुसऱ्या दिवसावर गेले आणि व्हिसाची मुदत आज रात्री संपते, असे असेल तर इमिग्रेशनच्या कक्षात कंपनीच्या माणसाला बरोबर घेऊन जा आणि नोंद करून घ्या.

## ७. रात्र काढायची वेळ आली तर

हॉटेल देतो म्हटल्यावर सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते, पण आधी एक प्रश्न विचारा: हे हॉटेल इमिग्रेशनच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर त्या देशात प्रवेशाचा अधिकार हवा. नुसत्या विमानतळ-ट्रान्झिट व्हिसावर शेंगेन देशात बाहेर पडता येत नाही. एकदाच प्रवेशाची मुभा असलेला व्हिसा असेल आणि बाहेर पडल्याचा शिक्का बसला असेल, तर स्वतःच्या मनाने परत आत जायचा प्रयत्न करू नका. कंपनीने इमिग्रेशनशी बोलून सोय करायला हवी. ते शक्य नसेल तर आतल्या बाजूचे हॉटेल किंवा लाउंज मागा.

खोल्या किती, हे आधी ठरवून घ्या. चार-पाच जणांना एक खोली मिळाली की पुन्हा विमानतळावर येऊन भांडण्यात झोप जाते. जाण्या-येण्याचे वाहन, रात्रीचे आणि सकाळचे जेवण, सकाळी परत यायची वेळ हे सगळे त्याच व्हाउचरवर लिहून घ्या.

कंपनीने सोय करायला हवी होती आणि केली नाही, असे झाले तर स्वतः खर्च करा, पण माफक. साधे हॉटेल, साधे जेवण, टॅक्सी. तपशीलवार पावत्या घ्या. कार्डाची नुसती चिठ्ठी पुरत नाही.

औषधांच्या वेळा बदलत्या घड्याळावर धरू नका, शेवटच्या डोसनंतर किती तास झाले ते मोजा. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण नक्की कधी मिळणार हे कळल्याशिवाय डोस घेऊ नये. याबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

विमानात बसल्यावर दार बंद होऊन ते उभेच राहिले, तर अमेरिकेतल्या विमानतळांवर नियम आहे: दोन तासांच्या आत पाणी आणि खायला द्यायला हवे, आणि आंतरराष्ट्रीय विमानात चार तास, देशांतर्गत विमानात तीन तास झाले की सुरक्षेची अडचण नसेल तर उतरण्याची संधी द्यायला हवी. इतरत्र अशी ठराविक वेळ असेलच असे नाही, म्हणून मुलांचे पाणी आणि खाऊ वरच्या कप्प्यात न ठेवता पायाशी ठेवा.

## ८. पुरावा, निघण्याआधीच

उशिराचे कारण आणि किती तास, हे कंपनीकडून लेखी घ्या. ईमेल चालते. विमा कंपनी हे पत्र मागतेच. बोर्डिंग पास, जुने आणि नवे दोन्ही, फेकू नका. पोहोचल्यावर विमानाचे दार उघडले ती वेळ टिपा. युरोपीय संघाच्या भरपाईच्या नियमात पोहोचण्याची वेळ म्हणजे दार उघडण्याची वेळ, चाके टेकण्याची नव्हे. तिथे भरपाई तीन तासांच्या उशिरापासून सुरू होते, म्हणून त्या हद्दीवर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच सामानाच्या कक्षात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या.

## ९. भरपाई, घरी पोहोचल्यावर

पहिला गैरसमज: आपला पासपोर्ट ज्या देशाचा, त्याचा नियम लागतो. तसे नाही. विमान कुठून सुटले, कुठे चालले होते आणि कंपनी कुठली, यावर ते ठरते.

युरोपीय संघ, नियम २६१/२००४. संघातल्या विमानतळावरून सुटणारे कोणतेही विमान, आणि बाहेरून संघात येणारे संघातल्याच कंपनीचे विमान यात येते. अंतिम ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलात तर अंतरानुसार माणशी २५०, ४०० किंवा ६०० युरो. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात उशीर तीन ते चार तासांचा असेल तर रक्कम निम्मी होऊ शकते. खराब हवामान किंवा हवाई नियंत्रणाचा संप अशी असाधारण कारणे असतील तर ही रक्कम मिळत नाही. पण साधा तांत्रिक बिघाड सहसा असाधारण मानला जात नाही. ‘टेक्निकल होते, काही मिळणार नाही’ या उत्तरावर गप्प बसू नका. जेवण आणि मुक्कामाची जबाबदारी मात्र असाधारण कारणातही सुटत नाही. २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे अडकलेल्या प्रवाशांच्या बाबतीतही युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये तसेच ठरवले. खाणे-पिणे अंतरानुसार दोन, तीन किंवा चार तासांच्या उशिरानंतर द्यावे लागते, आणि पाच तासांनंतर प्रवास सोडून तिकिटाचे पैसे परत मागता येतात.

रक्कम माणशी असल्याने तिकीट काढलेल्या मुलांचा दावाही वेगळा धरा. एकाच अर्जात सगळ्यांची नावे आणि तिकीट क्रमांक लिहायचे राहून जातात.

ब्रिटन. रचना तशीच, रकमा २२०, ३५० आणि ५२० पौंड.

अमेरिका. उशिरासाठी रोख भरपाईची सक्ती नाही. आंतरराष्ट्रीय विमान सहा तास किंवा जास्त, देशांतर्गत तीन तास किंवा जास्त लांबले आणि तुम्ही ते किंवा बदली प्रवास स्वीकारला नाही, तर पैसे परत मिळतात. कार्डाने भरले असतील तर कामाच्या ७ दिवसांत.

कॅनडा. कारण कंपनीच्या हातातले आणि सुरक्षेशी संबंधित नसेल तर मोठ्या कंपन्यांकडून ३ ते ६ तासांना ४००, ६ ते ९ तासांना ७००, त्यापुढे १,००० कॅनेडियन डॉलर. दावा एका वर्षात करायचा.

बाकी ठिकाणी १९९९ चा माँट्रियल करार उपयोगी पडतो. यात ठराविक रक्कम मिळत नाही. उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान, म्हणजे हॉटेल, जेवण, चुकलेले बुकिंग, पावत्यांसह मागायचे. उशिरासाठी माणशी कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून ६,३०३ एसडीआर आहे, सामानासाठी १,५१९. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक, त्याचा दर रोज बदलतो. वाजवी ते सगळे उपाय केले होते हे कंपनीने दाखवले तर ती सुटते.

अर्ज आधी कंपनीच्याच फॉर्मवर करा, कोणत्या नियमाखाली मागता तो क्रमांक लिहून. मध्यस्थ कंपन्या मिळालेल्या रकमेतला मोठा हिस्सा कापून घेतात; कंपनीने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही तरच त्यांच्याकडे किंवा त्या देशाच्या नियामकाकडे जा. रकमा आणि तास अर्ज करण्याच्या दिवशी अधिकृत पानावर पुन्हा पाहून घ्या.

मुदती फ्रीजवर चिकटवून ठेवा. खराब झालेल्या बॅगेची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून ७ दिवसांत. उशिरा मिळालेल्या बॅगेची, ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत. माँट्रियल कराराखाली न्यायालयात जायचे असेल तर २ वर्षांच्या आत. विम्याची मुदत पॉलिसीत वेगळी असते आणि ती बहुतेकदा या सगळ्यांच्या आधी संपते, म्हणून सामान उघडण्याआधी तो अर्ज भरा.